धंतोलीच्या पायरीवरून: डॉक्टर बोलायला कुठं शिकतो?

सकाळची एसटी गणेशपेठ स्टँडला लागते. काटोल, नरखेड, उमरेड, कुही, भिवापूर, कुठलीही गाडी असो, हातात एक्स-रेची मोठी पिशवी घेऊन उतरणारं एखादं तरी कुटुंब त्यात असतंच. ऑटोवाल्याचा एकच प्रश्न असतो, "धंतोली का मेडिकल?"

धंतोली आपल्याला नवीन नाही. पंचशील चौकातून आत वळलं की जुन्या बंगल्यांच्या जागी दवाखानेच दवाखाने. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी लावायला जागा नाही. त्या पार्किंगचं भांडण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पण आजचा विषय गाडीचा नाही. परवा तिथल्याच एका दवाखान्याच्या पायरीवर कानावर पडलेल्या चार वाक्यांचा आहे. फाईल मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा, अन् मोबाईलवरून गावाकडं बोलणारा त्याचा पोरगा.

"गोळ्या देल्ल्या महिनाभराच्या. अन् पुन्हा बोलावलं."

पलीकडून विचारलं असावं, की झालं काय म्हणे?

"ते काही सांगतलं नाही बा. आमी बी नाही विचारलं. डॉक्टर गडबडीत होते."

फाईल जाडजूड होती. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, बिलं, सगळं होतं. आजाराचं नाव मात्र घरच्या माणसाला सांगता येत नव्हतं. असा प्रसंग वाचकांपैकी किती जणांच्या घरी घडला असेल, हे वेगळं विचारायची गरज नाही.

आजवर आपण याला डॉक्टरचा स्वभाव म्हणून सोडून देत आलो. अमका डॉक्टर हुशार आहे पण तिरसट आहे, तमका बोलतो गोड. जसं एखाद्याचं अक्षर चांगलं असतं, तसं. पण 2019 पासून सरकारी हिशेबात हा स्वभावाचा भाग राहिला नाही. तो अभ्यासाचा विषय झाला. आणि त्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी आता कुठं डॉक्टर होऊन तुमच्या-आमच्यापर्यंत पोहोचली आहे. म्हणून हा लेख.

ऑगस्ट 2019 मध्ये एमबीबीएसला बसलेल्या पोरांसाठी देशभर नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात 'एटकॉम' नावाचा भाग आला. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद, हे त्याचं मराठी. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत हा भाग चालतो. वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगायची, ऑपरेशनची संमती घेताना काय काय समजावायचं, रुग्णाची गोष्ट बाहेर का बोलायची नाही, चिडलेल्या माणसासमोर कसं उभं राहायचं, यावर पोरं वर्गात चर्चा करतात, आणि प्रश्नपत्रिकेतही त्यावर विचारलं जातं. जोडीला हाताची कामं आहेत. सुई टोचणं, सलाईन लावणं, लघवीची नळी घालणं, टाके, बंद पडलेल्या हृदयाला छातीवर दाब देणं. ही कामं आधी स्किल लॅबमध्ये प्लास्टिकच्या पुतळ्यावर करायची. जमली की लॉगबुकात मास्तरची सही घ्यायची.

कागदावर हे उत्तमच आहे. पण या पहिल्या तुकडीचं नशीब बघा. ऑगस्ट 2019 ला आली, मार्च 2020 ला कोरोनानं कॉलेज बंद पाडलं. माणसाशी बोलायचं कसं हे ज्यांना पहिल्यांदाच रीतसर शिकवायचं होतं, ती पोरं घरी मोबाईलच्या पडद्यासमोर बसून शिकली. परत आली तेव्हा वॉर्ड कोरोनाचे झालेले, तोंडावर मास्क, रुग्णाचा चेहराच दिसत नाही. यात दोष कुणाला देणार? पण आज बंधपत्राच्या सेवेत प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेला तरुण डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहीत असेल, तर त्यामागं हीही एक गोष्ट आहे. शासकीय कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना राज्यात एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते, नाहीतर 10 लाख रुपये भरावे लागतात. आपल्या पीएचसीत दरवर्षी डॉक्टर बदलतो तो यामुळंच.

'जीव घाबरा होते' म्हणजे काय?

संवाद म्हणजे गोड बोलणं, असा एक गैरसमज आहे. खरं तर निम्मं निदान बोलण्यातूनच होतं. आपला माणूस डॉक्टरसमोर काय सांगतो ते आठवा. "जीव घाबरा होते." "डोकं गरगरते." "अंग मोडून येते." "हात भरून येते." "पोटात गोळा उठते." यातला एकही शब्द इंग्रजी पुस्तकात नाही. 'जीव घाबरा होते' म्हणजे कधी साखर उतरलेली असते, कधी रक्त कमी असतं, कधी नुसती काळजी असते, तर कधी हृदयाचा झटका येऊ घातलेला असतो. 'छातीत जळजळ' म्हणणाऱ्या साठीच्या माणसाला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवायचं की ईसीजी काढायचा, हे पुढच्या तीन प्रश्नांवर ठरतं. जळजळ चालताना वाढते का? घाम फुटला होता का? डाव्या हाताकडं, जबड्याकडं कळ जाते का? हे तीन प्रश्न विचारायला एक मिनिट लागतो. न विचारल्यानं माणूस जाऊ शकतो.

आपल्या भागात तर प्रश्न विचारण्याला आणखीच वजन आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डोळे चुरचुरतात, मळमळते, घाम येतो, अशी तक्रार घेऊन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुणी आला तर "काल फवारणीवर होता का?" हे विचारणं ही विदर्भातल्या डॉक्टरची पहिली कसोटी समजावी. तसंच लहान लेकराचे हातपाय वारंवार दुखतात म्हटल्यावर घरात कुणाला सिकलसेल आहे का, हे. यातलं काहीच मशीन सांगत नाही. धंतोलीत कितीही मोठं मशीन असलं तरी कोणती तपासणी करायची हे आधी माणसानंच ठरवायचं असतं.

कॉलेजात देशभरातली पोरं येतात. शासकीय कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात. राजस्थानचा, केरळचा पोरगा नागपूरच्या मेडिकलमध्ये येतो अन् समोर रामटेकची आजी बसते. म्हणून सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषा शिकवायची तरतूद केली आहे. कल्पना चांगली. पण पुस्तकी मराठी शिकून वऱ्हाडी-झाडीपट्टीची बोली कळत नाही, ती वॉर्डात बसूनच कळते. मला विचाराल तर या कामासाठी वॉर्डातल्या मावशी आणि जुन्या सिस्टर यांच्याइतका चांगला मास्तर नाही. त्यांना मात्र कुणी तसं म्हणत नाही.

कॉट आपली, शिक्षण त्यांचं

आता थोडं न आवडणारं बोलू. पुतळ्यावर हात बसला तरी शेवटी शिकायचं माणसावरच. कोणत्या माणसावर?

एमबीबीएसचं पोट्टं धंतोलीत शिकत नाही. काही खासगी रुग्णालयांत डीएनबीसारखं पदव्युत्तर शिक्षण चालतं, ती गोष्ट वेगळी. पण पोटाला हात लावून लिव्हर वाढलंय का हे पहिल्यांदा कळतं ते मेडिकलच्या, मेयोच्या वॉर्डात. मेडिकल 1947 सालचं. धंतोली-रामदासपेठेतल्या पाट्यांवर ज्यांची नावं आहेत, त्यातल्या कित्येकांचा हात इथंच बसला. ज्याच्याजवळ धंतोलीचं बिल भरायला पैसे नव्हते, त्या माणसाच्या कॉटभोवती पंधरा-वीस पोरं उभी राहिली, एकामागून एकानं पोट दाबून पाहिलं, छातीला आला लावला, अन् त्यातून पुढचा धंतोलीचा डॉक्टर तयार झाला. ही उधारी आहे. बिलात ती कुठंच दिसत नाही.

पिढ्यान् पिढ्या हे चालत आलं. त्यातला मोठा दोष असा, की रुग्णाला विचारलंच जात नव्हतं. मास्तरनं चादर बाजूला केली, "बघा रे" म्हटलं, संपलं. नवा अभ्यासक्रम सांगतो की आधी नाव सांगा, आपण विद्यार्थी आहोत हे सांगा, परवानगी मागा, पडदा ओढा, बाई असेल तर सोबत बाई कर्मचारी असू द्या, तपासून झालं की अंगावर चादर नीट घाला. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं: विद्यार्थ्याला "आज नको, दुखते मले" म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि त्यामुळं उपचार थांबवता येत नाहीत. पण शक्य असेल तेव्हा "तपास बाबू" म्हणावं, असंही माझं मत आहे. तुमच्या वॉर्डात न शिकलेला पोरगा उद्या तुमच्याच पीएचसीत पहिल्यांदा शिकेल.

मग वर्गात शिकवलेलं हे सगळं दिसत का नाही? कारण पोरं सांगितलेलं कमी अन् दिसलेलं जास्त शिकतात. सकाळी एटकॉमच्या तासाला 'रुग्णाशी नम्रतेनं बोला' ऐकलं, आणि दुपारी कॅज्युअल्टीत झोप न झालेला रेसिडेंट म्हातारीवर खेकसताना पाहिला, तर डोक्यात दुपारचंच राहतं. दुसरं कारण परीक्षेचं. एमबीबीएसनंतर बारा महिने इंटर्नशिप असते, त्यातले सुमारे तीन महिने समाजवैद्यक विभागाकडं, म्हणजे बरेचदा ग्रामीण भागातच. हात बसायचा, तोंड उघडायचं वर्ष हेच. पण याच वर्षात नीट-पीजीची तयारी असते. एका वाक्याचे चार पर्याय अन् त्यातला एक बरोबर, अशा परीक्षेत म्हातारीशी कसं बोललात याला गुण नाहीत. पोट्टं वॉर्डापेक्षा लायब्ररीत बसते, यात त्याचा लोभ आहे तशी व्यवस्थेची चूकही आहे.

तिसरं कारण आपल्या दारातलं आहे. 2014 मध्ये देशात 387 वैद्यकीय कॉलेजं होती, 2024-25 मध्ये ती 780 झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकदम दहा नवी शासकीय कॉलेजं सुरू झाली. त्यातली पाच विदर्भातली: भंडारा, गडचिरोली, अमरावती, वाशीम, बुलढाणा. प्रत्येकी 100 पोरं. आनंदाची गोष्ट आहे, घराजवळ कॉलेज झालं. पण कॉलेज म्हणजे इमारत नव्हे. शिकवायला मास्तर लागतात आणि शिकायला रुग्ण. भंडाऱ्याचा अवघड रुग्ण 'रेफर टू नागपूर' होऊन अॅम्ब्युलन्समध्ये बसला, अन् ज्याला परवडते तो सरळ धंतोलीत गेला, तर भंडाऱ्याच्या पोरानं पाहायचं काय? पुतळा? जिल्ह्याच्या आमदारांनी कॉलेजच्या फिती कापल्या, आता त्यांना विचारायचे प्रश्न सोपे आहेत: प्राध्यापकांची किती पदं भरली, आणि महिन्याला किती रुग्ण नागपूरला पाठवले?

सेवाग्राम जवळच आहे

हे सगळं जमतच नाही असं म्हणू नका. नागपूरपासून पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास सेवाग्राम आहे. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी 1969 मध्ये तिथं कॉलेज काढलं. पहिल्या वर्षाचं पोरगं आधी आश्रमात राहतं, श्रमदान करतं, खादी घालतं, मग पंधरा दिवस एखाद्या गावात मुक्काम करतं. त्या तुकडीचं ते गाव होतं. पोरांना घरं वाटून दिली जातात आणि त्या घरांशी संबंध पुढंही राहतो. गावकऱ्यांनी सुगीला ज्वारी द्यायची अन् त्या बदल्यात दवाखान्याचा विमा, अशीही योजना या कॉलेजनं चालवली. पूर्वी प्रवेशाला गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा. नीट आली अन् तो गेला.

साऱ्या देशानं हीच वाट 2022 मध्ये धरली. 'कुटुंब दत्तक' कार्यक्रमात आता एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं गावातली किमान तीन, शक्यतो पाच कुटुंबं घ्यायची आणि त्यांच्याकडं येत राहायचं. तुमच्या गावात पांढरा कोट घातलेली पोरं वही घेऊन फिरताना दिसली असतील, ती हीच. माझ्या मते साऱ्या नव्या अभ्यासक्रमात हा सगळ्यात कसदार तुकडा आहे, आणि बिघडवायलाही सगळ्यात सोपा. बस भरून यायचं, बीपी मोजायचं, फोटो काढायचा, तक्ता भरायचा, परत जायचं, असं झालं की मेलं. त्यापेक्षा एका पोरीनं एका घरात तीन वर्षं येऊन त्या घरातल्या मधुमेहाच्या माणसाची गोळी का सुटते हे समजून घेतलं, तर ती दहा पुस्तकांचं शिकेल. गोळी संपली अन् मजुरीचा दिवस बुडवून तालुक्याला जायला कुणी नव्हतं, हे उत्तर पुस्तकात सापडत नाही. ग्रामपंचायतीनं, आशाताईंनी कॉलेजला सांगावं की दरवर्षी नवं घर नको, तेच पोर त्याच घरी पाठवा.

कौशल्य शिकवण्याबद्दल गडचिरोलीनंही एक गोष्ट जगाला दाखवली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, दोघंही नागपूरच्या मेडिकलचे विद्यार्थी. लेकराला न्यूमोनिया झाला का हे ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. ज्यांना मोजता येत नव्हतं त्या सुईणींसाठी 'सर्च'नं एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ अन् तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की लेकरू धोक्यात. पुढं गावातल्या बायांनाच घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू घटले, आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या जगातल्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलं. कमी शिकलेल्या सुईणीला जे नेमकं शिकवता आलं, ते साडेपाच वर्षं शिकणाऱ्या पोराला शिकवता येत नाही, हे कुणी सांगू नये.

सही कशावर केली?

पुन्हा धंतोलीच्या पायरीवर येऊ. ऑपरेशनच्या आधी चार पानी इंग्रजी कागद समोर येतो. "इथं सही करा." आपण करतो, नाहीतर अंगठा देतो. यावर सुप्रीम कोर्टाचा 16 जानेवारी 2008 चा निकाल आहे. दिल्लीतली 44 वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीतून तपासणीसाठी गेली. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजांडकोश काढून टाकले. कोर्टानं स्पष्ट सांगितलं: माणूस सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून आईची संमती चालत नाही. तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही. 25,000 रुपये भरपाई दिली. रक्कम लहान आहे, पण निकाल मोठा आहे. एटकॉमच्या तासाला पोरांना संमतीबद्दल जे शिकवायचं, ते नेमकं हेच. नवऱ्याची सही घेऊन बायकोचं ऑपरेशन, ही आपल्याकडं नेहमीची गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम 2002 चे आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये नवे काढले होते, त्याच महिन्यात स्थगित केले, म्हणून जुनेच चालू. त्यानुसार रुग्णानं किंवा त्याच्या माणसानं मागितल्यावर 72 तासांत उपचाराचे कागद द्यावे लागतात. औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं लिहायचं आहे. 2021 मध्ये राज्यानं नर्सिंग होमच्या नियमांत बदल केला. रुग्ण हक्कांची सनद आणि दर दर्शनी लावायचे आहेत. पुढच्या वेळी धंतोलीत गेलात तर भिंतीकडं बघा. नसेल तर काउंटरवर शांतपणे विचारा.

शांतपणे हा शब्द मुद्दाम वापरला. हातात मोबाईल आला तसं वॉर्डात जाऊन डॉक्टरच्या तोंडावर कॅमेरा धरायची फॅशन आली आहे. माणूस गेल्यावर राग येतो, मान्य. पण डॉक्टरवर हात टाकला तर राज्याच्या 2010 च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 पर्यंत दंड आहे, मोडतोडीची दुप्पट भरपाई वेगळी. शिवाय मार खाल्लेला किंवा व्हायरल झालेला तरुण डॉक्टर दुसऱ्या दिवशी जास्त बोलत नाही, कमी बोलतो. जोखमीचा रुग्ण हातात घ्यायच्या ऐवजी नागपूरला पाठवतो. खरंच चूक वाटत असेल तर कागद मागा आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडं तक्रार करा.

त्या पायरीवरच्या बापलेकाचं पुढं काय झालं? आत पुन्हा जाऊन विचारा म्हटलं तर पोरगा कचरला. शेवटी औषधाच्या दुकानातल्या माणसानं चिठ्ठी पाहून सांगितलं, बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या आहेत, बंद करू नका. म्हाताऱ्याला वाटत होतं महिन्याच्या गोळ्या खाल्ल्या की संपलं.

भंडारा-गडचिरोलीच्या कॉलेजात 2024 मध्ये बसलेली पहिली पोरं साडेचार वर्षांचा अभ्यास अन् वर्षाची इंटर्नशिप करून 2030 च्या आसपास बाहेर पडतील. मग बंधपत्राचं वर्ष. आत्ता त्यांच्या वह्यांत कुठल्या तरी गावातली तीन-पाच घरं लिहिलेली आहेत.